आठ सुपाऱ्या

(तरुणांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. माइकसमोर उभं राहायची सवय नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. विषय दादीचा होता म्हणून हो म्हणालो.

गेल्या पावसाळ्यात दादी गेली. ब्याऐंशी वर्षांची होती. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. दादा जहाजावर खलाशी होते. वर्षातून दोन महिने घरी, बाकी सगळं मनीऑर्डर आणि पत्रं. आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या दादीने पाच मुलं वाढवली, माड-सुपारीचं आगर शिंपलं आणि उर्दू शाळेतल्या चौथीच्या जोरावर मोहल्ल्यातल्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांची पत्रं वाचून दाखवली. कोणाच्या पत्रात काय होतं, हे तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नाही. मी विचारायचो, तेव्हा म्हणायची, "वाचून झालं की विसरायचं असतं."

तिचं दुसरं काम तुम्हाला जरा वेगळं वाटेल. बाईची मय्यत झाली तर गुसल बायकांनीच द्यायचा असतो. आमच्या गावात तो दादी द्यायची. पलंगाखाली एक पत्र्याची पेटी असायची. त्यात पांढरं कापड, कापूर, कातर. बाईच्या कफनाला पाच कपडे लागतात, पुरुषाच्या तीन. गरिबाघरची मय्यत असेल तर कापडाचे पैसे कधी घेतले नाहीत. रात्री दोन वाजता हाक आली तरी कंदील घेऊन निघायची. शेवटी शेवटी हात थरथरायला लागले, तेव्हा तिने चार तरुण मुलींना शेजारी उभं करून सगळं शिकवलं. दादीला त्यातल्याच दोघींनी आणि माझ्या मधल्या फुफीने गुसल दिला.

पण मला आज सांगायचंय ते 1996 सालाबद्दल.

त्या वर्षी दादा वारले. मी आठ वर्षांचा होतो. दादी इद्दतीत होती, चार महिने दहा दिवस. त्या काळातच घरात स्टॅम्पपेपर आला. हक्कसोडपत्र. तिन्ही फुफींनी सह्या करायच्या होत्या की बापाच्या आगरात आणि घरात आम्हाला काही नको. कागद आणणारे दुसरे कोणी नव्हते, माझे अब्बा आणि चाचा. वाईट माणसं नाहीत हो. सगळ्या गावात असंच चालायचं. फुफीही तयार होत्या. मोठी फुफी म्हणाली, "भावांशी वाकडं कशाला? माहेर तुटलं तर ईदेला जायचं कुठे?"

दादी एवढंच म्हणाली, "माझी इद्दत संपेपर्यंत कोणी पेनाला हात लावायचा नाही."

इद्दत संपली त्या दिवशी तिने पाचही जणांना बसवलं. आगरातल्याच आठ सुपाऱ्या चटईवर मांडल्या. दादी आमच्या कोकणीत बोलायची, मी मराठीत सांगतो. एक सुपारी तिने स्वतःपुढे ओढली. "मुलंबाळं असली की बायकोचा आठवा हिस्सा. ही माझी. राहिल्या सात. मुलाला दोन, मुलीला एक. दोन मुलगे, झाल्या चार. तीन मुली, झाल्या तीन." मग माझ्याकडे वळून विचारलं, "काय उरलं?"

मी म्हणालो, "काहीच नाही."

"मग सोडायचं काय? यातलं जास्तीचं कुठलं आहे, ते दाखवा मला."

सूरह निसामधले हिस्से आपण सगळे ऐकून असतो. आमच्या घरात ते तसे मांडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. भागाकार शाळेत नंतर आला, मला तो आधी चटईवर कळला.

अब्बा उठून गेले. दोन दिवसांनी जमातीतले दोन बुजुर्ग समजवायला आले. "मुलींच्या लग्नात दिलंय की!" दादी दाराआडून म्हणाली, "ते पोरींना दिलं की त्यांच्या सासरच्यांना?" आणि मग म्हणाली, "नमाजाची एक रकात आपल्या मर्जीने सोडत नाही तुम्ही. मग पोरीचा हिस्सा कोणाच्या मर्जीने सोडता?" बुजुर्ग चहा पिऊन परत गेले.

फुफींना तिने वेगळं सांगितलं, आणि ते मला आजही सगळ्यात मोलाचं वाटतं. "भावाला द्यायचं असेल तर खुशाल दे. पण आधी तुझ्या नावावर होऊ दे. हातात आलंच नाही, ते दिलं असं म्हणता येत नाही."

याची किंमत तिने मोजली. अब्बा दीड वर्ष तिच्या चुलीवरचं जेवले नाहीत. एकाच घरात दोन चुली. मी या चुलीवरून त्या चुलीवर भाकरी पळवायचो. रात्री दादी रडायची, ते मला ऐकू यायचं. पण सकाळी कागदाचं काम थांबवायची नाही. तलाठ्याने सातबारा वाचून दाखवला, तर तो खरंच तसा लिहिलाय की नाही हे तिला कळेना, कारण अक्षरं मराठी. म्हणून ती माझ्या शाळेच्या पुस्तकावरून मराठी शिकली. चोपन्न वर्षांची बाई, नातवाच्या पाटीवर अ आणि आ गिरवत. सहा महिन्यांनी सातबाऱ्यावर बोट ठेवून तिने तिन्ही मुलींची नावं स्वतः वाचली.

पुढे मधल्या फुफीचा तलाक झाला. दोन लेकरं घेऊन ती परत आली, ती भावांच्या दारात नाही, स्वतःच्या हिश्श्यात. आगराची मोजणी होऊन वाटे पडले होते. दादीने आपला आठवा वाटाही तिला दिला. वसियतीने नाही. आपल्याकडे वसियत एक तृतीयांशपर्यंतच करता येते, आणि वारसाला करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. म्हणून जिवंतपणी हिबा केला आणि ताबाही देऊन टाकला. त्याआधी पाचही मुलांना विचारलं. बाकीच्या दोघींना मेहरच्या सोन्यातल्या बांगड्या दिल्या. मधल्या फुफीचे आगरात आठातले दोन वाटे झाले, भावाएवढे. हा हिशेब दादीने मुद्दाम जमवला होता का, हे विचारायचं राहून गेलं.

काही मित्र मला विचारतात, भावाच्या निम्माच हिस्सा का? प्रश्न रास्त आहे, तो विचारायलाच हवा. पण आमच्या घरातलं भांडण निम्म्यावरून नव्हतं, शून्यावरून होतं. निम्म्यावर वाद घालणाऱ्या किती घरांत ते निम्मं तरी पोचलंय, एवढं आधी पाहू या.

आता माझी स्वतःची गोष्ट. दादी गेल्यावर घरातला तिचा आठवा हिस्सा राहिला होता. अब्बांचा फोन आला. "वारस नोंदीचा अर्ज तू भर, तुला कॉम्प्युटरचं कळतं. फुफींच्या सह्या घेऊन टाकू. एकेकीला छप्पन्नावा भाग येतो. त्यात एक खिडकीसुद्धा बसत नाही."

खरं सांगतो, मलाही पटलं. छप्पन्नावा भाग! आम्ही सॉफ्टवेअरवाले असले आकडे रोज राउंड ऑफ करतो. मी अर्ज उघडला, अब्बांचं आणि चाचांचं नाव टाकलं आणि थांबलो. राउंड ऑफ करताना दर वेळी तीच तीन नावं का जातात? आणि ते करणारा हात या वेळी माझा होता. दादीने मला शेजारी बसवून सुपाऱ्या मोजायला लावल्या, तोच हात.

कागदावर हिशेब केला. दादीची सुपारी सात भागांत वाटली की घराचे सरळ सात हिस्से होतात. भावांना दोन-दोन, बहिणींना एक-एक. आठाचे सात. कुठे तुकडा उरत नाही. मी पाचही नावं टाकली आणि अब्बांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दादीवर गेलायस." रागाने म्हणाले की कसं, मला कळलं नाही.

नोंद झाली. त्या संध्याकाळी मोठ्या फुफीचा फोन आला. अब्बांनीच तिला कळवलं होतं. ती म्हणाली, "मला काय करायचंय रे त्या घराचं? पण तुझ्या अब्बांनी स्वतः फोन केला." आणि रडायला लागली.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. आज घरी गेल्यावर आपल्या जमिनीचा सातबारा काढून बघा. फोनवर दिसतो, पाच मिनिटांचं काम आहे. दादाच्या वारसांत फुफींची नावं आहेत का, ते पाहा. नसतील तर अब्बांशी भांडण्याआधी फुफीला फोन करा आणि विचारा, सही केलीस तेव्हा तुला काय सांगितलं होतं? ती काय सांगते ते शांतपणे ऐका. आणि ज्यांना बहीण आहे, त्यांनी स्वतःचा हिशेब आत्तापासून मांडून ठेवा. मलाही बहीण आहे.

दादीच्या पेटीत, कफनाच्या कापडाखाली, सुपाऱ्यांची एक पुरचुंडी सापडली. मोजल्या. आठ होत्या.

अल्लाह तिची मगफिरत करो.