कानटोपी आणि रिकामी बाटली

बाईचा प्रश्न आला की शिलाई मशीन वाटून मोकळं व्हायचं, या प्रकाराचा मला राग आहे. तरीही आज शिवणाबद्दलच बोलते.

पुण्यात ऐन थंडीत, पहाटे कचरा वेचायला निघालेल्या बाईचा पदर कमरेला खोचलेला असतो, कान उघडेच. तिला कानटोपी हवी. फ्लीसच्या कापडाचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कड दुमडून शिवावी लागत नाही. नवशिक्या हाताला हेच बरं. जुनं फ्लीसचं पांघरूण घ्या. ते जिकडून जास्त ताणतं ती बाजू डोक्याभोवती यायला हवी. घेराएवढी लांब, दीड वीत रुंद पट्टी कापा. उलट बाजूनं टोकं जोडा, वरचं तोंड चुणून घट्ट बांधा, सुलटी करा. टाका लांब ठेवा. इस्त्री मुळीच नको, आणि ती घालून चुलीपाशी बसू नका. पॉलिएस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं.

हे पॉलिएस्टर पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांपासूनही होतं. अमेरिकेतल्या पॅटागोनिया कंपनीनं १९९३ साली बाटल्यांच्या फ्लीसचे कपडे आणले. त्याच साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणारीला बाटल्यांचे किलोमागे थोडे रुपये मिळतात, तिकडे जाकीट शंभरावर डॉलरला जातं. मधला पैसा कुणाकडे राहतो, ते आता कात्री चालवता चालवता बोलू.