मोडक्या भांड्यांची बाग

(वडिवळे येथे पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)





आजचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, हे मी जाणतो. मुलगा दहावीला बसणार आणि हे गृहस्थ त्याला फुटक्या कपबशा जमवायला सांगणार! आपली तक्रार रास्त आहे. म्हणून आधी एका माणसाची हकीकत सांगतो.

चंडीगडमध्ये नेकचंद सैनी नावाचे सरकारी रस्ता निरीक्षक होते. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. नवे चंडीगड उभारण्यासाठी अनेक खेडी उठवली गेली होती आणि त्यांचा मोडका संसार इतस्ततः पडला होता. फुटलेली भांडी, तुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे. 1957 च्या सुमारास नेकचंद हे सारे सायकलवरून वाहू लागले आणि सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात, नोकरी सांभाळून, गुपचूप त्याची बाग रचू लागले. त्या जागेवर बांधकामास बंदी होती. 1975 मध्ये अधिकाऱ्यांना हे सापडले, तेव्हा ती बाग पाडून टाकण्याचीही भाषा झाली. पण लोक पाहायला येऊ लागले, आणि 1976 मध्ये तीच ‘रॉक गार्डन’ म्हणून जनतेला खुली झाली. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2015 मध्ये ते वारले. घर गमावलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या उठलेल्या घरांतली भांडी वेचावीत, ही गोष्ट मला त्यांच्या कलेहूनही मोठी वाटते.

आता एक अडचण मोकळेपणाने बोलून टाकू. नेकचंदांच्या बागेत माणसांच्या आणि जनावरांच्या पुतळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना घरात किंवा शाळेत पुतळे नकोत, आणि त्यावर कोणाशी हुज्जत घालण्याची माझी इच्छा नाही. गरजही नाही, कारण आपल्याकडे नक्षीचा वारसा आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, बीबी का मकबरा पाहिला असेल, तर कबरीभोवतीची संगमरवराची अष्टकोनी जाळी आठवा. स्पेनमध्ये रंगीत चकचकीत लादीला ‘आसुलेहो’ म्हणतात. तो शब्द अरबीतून, तिथल्या मुसलमानांच्या काळात रुजला. पुढे त्याच देशात बार्सिलोना शहरी गाउदी नावाच्या वास्तुकाराच्या ‘पार्क ग्वेल’मध्ये, 1900 ते 1914 या काळात, फुटक्या लाद्या जडवून लांबच लांब वळणदार बाक झाला. आणि इतके दूर कशाला? गुजरातेत गच्चीवर चिनी मातीचे पांढरे तुकडे बसवतात. ऊन परतवून घर थंड राहते आणि पाणीही झिरपत नाही. आपले गवंडी त्याला ‘चायना मोझाइक’ म्हणतात.

विद्यार्थ्यांनो, नक्षीची सुरुवात तुमच्या कंपासपेटीत आहे. जमिनीत खिळा ठोका, दोरी बांधा, दुसऱ्या टोकाच्या खिळ्याने वर्तुळ आखा. दोरीची लांबी तीच ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा होतील. एक सोडून एक जोडा, की त्रिकोण. उरलेल्या तीन जोडा, की षट्कोनी तारा. भूमितीचे हे प्रमेय पाठ करणारा मुलगा ते अंगणात आखून विसरत नाही, एवढे मी पालकांना आश्वासन देतो.

कप फोडताना गोणपाटात गुंडाळून हातोडी मारावी, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि हे काम मोठ्यांच्या देखत व्हावे. एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू. चकचकीत बाजू वर, तुकड्यांमधल्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या. मग आठवडाभर ओले गोणपाट. हे पाणी मारणे टाळले, तर पहिल्या उन्हाळ्यात तुकडे सुटून हातात येतात.

एक पथ्य मात्र पाळा. ज्या रकाबीवर आयत किंवा अल्लाहचे नाव आहे ती फोडू नका. पायाखाली तर नाहीच नाही. आणि अम्मीला विचारल्याशिवाय तांब्या-पितळेला हात लावू नका. निकाहातल्या देगचीवर नाव कोरलेले असते. हल्ली ती किलोवर मोडीत जाते आणि तिच्या पैशांत प्लास्टिकच्या बादल्या येतात. कलई उडाली म्हणून ती स्वयंपाकाला निरुपयोगी झाली असेल, पण दारात मोगरा लावायला काय हरकत आहे? जात्याची तळी, पाटा, गळका रांजण, नळी मोडलेला बदना यांनाही बागेत जागा आहे. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे आणि बॅटऱ्या मात्र आणू नका. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक, आणि बॅटरीतले शिसे व आम्ल मातीला.

आपल्या मावळाचा पाऊस ठाऊकच आहे. वडिवळे धरणाकडे पाहिले की आषाढात आभाळ आणि पाणी वेगळे दिसत नाही. इथे शहरी मासिकातले चित्र पाहून बाग केली, तर श्रावणापर्यंत झाडे कुजतात. प्रत्येक भांड्याच्या बुडाला भोक हवे, भांडे दोन विटांवर उचललेले हवे. बुडाशी खापऱ्यांचा जाड थर घालण्याची रीत आहे, पण त्याने पाणी लवकर उतरत नाही, उलट मातीची जागा कमी होते. माती वाहू नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे.

याहून गंभीर गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कपभर पाणीही त्याला चालते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन्‌महिने जगू शकतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, आतून घासावे लागते. रंगवलेले टायर शोभिवंत दिसतात खरे, पण त्यांच्या आतल्या कडेला साचलेले पाणी काढता काढता माणूस थकतो. मी तर टायर बागेत नकोतच म्हणतो. पक्ष्यांसाठी पाण्याचे तसराळे जरूर ठेवा. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तरी ती सदका ठरते, ही हदीस आपल्या घरात लहान मुलालाही माहीत आहे. तसराळे दर जुम्म्याला घासायचे, हे एका वर्गाने अंगावर घ्यावे.

खर्चाचे म्हणाल, तर सिमेंट आणि वाळू एवढेच विकत आणावे लागेल. काम मे महिन्यातच उरकले पाहिजे. मृगाचा पाऊस लागल्यावर सिमेंट धुऊन जाते. तेव्हा घरात कप फुटला, तर मुलाला रागावण्याआधी तुकडे गोणीत टाका आणि शाळेत पाठवा. पहिला तारा फाटकाजवळ आखू. त्याच्या मधोमध काय लावायचे ते मुलींनी ठरवावे. माझे मत मेंदीला आहे.