मुक्या प्राण्याचा कान

कुत्र्याला कानाची व्यथा बोलून दाखविता येत नाही. वारंवार मान झटकून, कान खाजवून तो ती सांगत असतो. दुर्गंधी, आतील लाली व तपकिरी मळ हीही तिचीच लक्षणे होत.

कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते व मग आत वळते. त्या वळणात ओल साचून जंतू फोफावतात. कॉकर स्पॅनियलसारख्या लोंबत्या कानांच्या जातींत तर विशेषच. म्हणून स्नानानंतर कान कोरडे करावेत, आठवड्यातून एकदा न्याहाळावेत. काडी मात्र आत घालू नये. घरचे तेल वा उरलेले औषधही घालू नये. कानाचा पडदा फाटलेला असल्यास काही औषधांनी बहिरेपण येऊ शकते. पडदा शाबूत आहे की नाही, हे पशुवैद्याने उपकरणातून पाहावयाचे असते. मान एकीकडे कलू लागली, तर त्याच दिवशी त्याच्याकडे जावे.