शेंगांची बुरशी : वाळवणीतच उपाय



आपल्या सोलापूरकडे भाकरीबरोबर शेंगाचटणी हवीच. आज बोलायचे आहे ते त्याच शेंगांविषयी.

परतीच्या पावसात काढलेल्या शेंगा ओल्याच ढिगात राहिल्या, की दाण्यावर पिवळसर-हिरवी बुरशी चढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. हे विष यकृतावर घाला घालते. 1960 साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या विषारी पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल भागात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे काविळीने दगावली.

‘भाजले की जाईल’ असे समजू नका. भाजून हे विष पुरते जात नाही. बुरशी पुसली तरी ते दाण्यात राहते. खराब दाणे घाण्याला दिले तर पेंडीत उतरते, आणि ती पेंड म्हशीने खाल्ली की दुधात येते. ते दूध आपलीच पोरे पितात.

म्हणून एवढे करा :

1. शेंगा भरताना पिकाला पाण्याचा ताण पडू देऊ नका. पाणी असेल तर एक पाळी जरूर द्या. ताणलेल्या पिकात बुरशी जमिनीतच शिरते.

2. काढणी वेळेवर करा. किडक्या, फुटक्या, अवजार लागलेल्या शेंगा वेगळ्या ठेवा.

3. शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. हलवल्यावर दाणा खुळखुळ वाजला पाहिजे. ओलावा 8 टक्क्यांच्या वर नको.

4. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

5. शेंगा फोडताना पाणी शिंपडू नका. फोडणे सोपे जाते खरे, पण बुरशीला आमंत्रण मिळते.

6. बुरसट, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून खोल पुरा. कोंबड्यांनाही घालू नका.

एक ध्यानात ठेवा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही विष असू शकते. नुसत्या निवडण्यावर भागत नाही. खरा उपाय वाळवणीतच आहे.

कष्टाने पिकवलेले दाणे पुरताना जीव तुटतो, हे आम्हालाही कळते. पण पायली-दोन पायली दाण्यांपायी घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालू नका.

रामराम!