परक्या देशी भाषेचा वर्ग कसा निवडावा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या या प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली. विषय मात्र त्यांनी माझ्यावर सोडला. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची पदविका घेतली आणि पूर्वभागातील एका शाळेत तेहतीस वर्षे मराठी शिकविले, तेही ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात अशा मुलांना. त्यामुळे जी भाषा घरची नाही ती माणूस कशी शिकतो, कोठे अडखळतो आणि कोणत्या कारणाने सोडून देतो, एवढ्या एका बाबतीत मला थोडेफार सांगता येईल असे वाटते.

हा विषय सुचण्याचे कारण असे की, गेल्या दोन वर्षांत आपल्या समाजातील तीन कुटुंबे एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली. मुलगी किंवा सून हॉलंडला, म्हणजे नेदरलँड्सला, निघाली आहे. तिने तिथली डच भाषा शिकावी काय, आणि शिकावी तर कोणत्या वर्गात? ज्यांना आपल्या बखरी वलंदाज म्हणतात त्यांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास वखार घातली, एवढाच त्या लोकांचा आणि आपला संबंध मी मुलांना शिकवीत असे. आता आपलीच मुले आइंडहोव्हन, आम्स्टेलव्हेन आणि हेग या गावी बिऱ्हाडे थाटून बसली आहेत. काळाचा महिमा, दुसरे काय!

पहिला प्रश्न आवश्यकतेचा. तिकडून आलेला प्रत्येक तरुण सांगतो की, तेथे सर्वांना इंग्रजी येते, डचवाचून काही अडत नाही. हे खरे आहे, आणि तेच धोक्याचे आहे. कचेरीत जाणाऱ्या नवऱ्याचे अडत नाही. अडते ते घरी राहणाऱ्या मुलीचे, आणि ते पहिल्या वर्षी दिसून येत नाही. तेथे मूल चार वर्षांचे झाले की शाळेत जाऊ लागते आणि पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची होते. सहा महिन्यांत ते डच बोलू लागते. मग शाळेची चिठ्ठी येते ती आईला वाचता येत नाही. पालकांच्या बैठकीत इतर आया हसतात ते कशाला, हे तिला कळत नाही. सिव्हिल हॉस्पिटलात आईचे दुखणे डॉक्टरांना मराठीत समजावून सांगणारी सात-आठ वर्षांची तेलुगू मुले मी आपल्या शहरात पुष्कळ पाहिली आहेत. मूल हुशार होते, यात शंका नाही. परंतु आईचा दुभाषी झालेल्या मुलाला त्या आईचा धाक राहत नाही, आणि आईच्या मनात एक संकोच घर करून बसतो तो आयुष्यभर जात नाही. परिचारिकेची पदवी घेतलेली आपल्यातील एक मुलगी तिकडे चार वर्षे घरीच बसून आहे. तेथे परिचारिकेला वा डॉक्टरला सरकारी नोंदवहीत नाव घातल्यावाचून काम करता येत नाही, आणि त्या नोंदीसाठी डच भाषा यावी लागते. पदवी पेटीत पडून आहे. तिच्या आईवडिलांनी विड्या वळून आणि मागावर राबून ती पदवी मिळवून दिली होती, हे येथे बसलेल्या अनेकांना ठाऊक आहे.

आता कायदा थोडक्यात सांगतो, कारण वर्ग कोणता घ्यावा हे बरेचसे त्यावर ठरते. जिचा पती कुशल नोकरदार म्हणून तेथे गेला आहे तिला जाण्यापूर्वी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना वा नागरिकत्व मागावयाचे झाल्यास परीक्षा चुकत नाही. याउलट जी मुलगी तेथील नागरिकाशी किंवा कायम रहिवाशाशी विवाह करून जाते तिला भारतातूनच, वकिलातीत संगणकासमोर बसून, एक प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. हा नियम २००६ पासून आहे. तीत बोलणे, वाचणे आणि तेथील समाजाची माहिती असे तीन भाग असतात. माहितीचे प्रश्न आधीच प्रसिद्ध केलेले असतात आणि सरकारनेच स्वाध्यायाचे साहित्य तयार करून दिले आहे. ही परीक्षा अगदी पहिल्या पायरीची आहे. तेव्हा तेवढ्याकरिता कोणी मोठी फी मागितल्यास जरा थांबून विचार करावा. तेथे पोहोचल्यावर अशा मुलीस १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला नवा कायदा बंधनकारक होतो. नगरपालिका तिची चाचणी घेऊन तिच्यासाठी एक आराखडा आखते, आणि तीन वर्षांच्या मुदतीत तिने बी-१ ही पायरी गाठावी अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

या पायऱ्या समजून घेतल्या पाहिजेत. युरोपातील सर्व भाषांना लागू असलेल्या ए-१ पासून सी-२ पर्यंत अशा एकंदर सहा पायऱ्या आहेत. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगणे आणि भाजी विकत घेणे. ए-२ म्हणजे ओळखीच्या व्यवहारात निभावून नेणे. स्वेच्छेने परीक्षा देणाऱ्यास आजवर निदान इतके पुरत आले आहे, परंतु ही अट वाढविण्याच्या गोष्टी तिकडे वरचेवर निघतात, म्हणून अर्जाच्या वेळचा नियम पाहून घ्यावा. बी-१ ला शेजारणीशी भांडता येते. बी-२ ला महाविद्यालयात शिकता येते आणि शिक्षणाला साजेसे काम मिळण्याची आशा धरता येते. बी-१ आणि बी-२ साठी तेथील सरकारची एक स्वतंत्र परीक्षा आहे. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग आहेत.

म्हणून वर्ग शोधण्यापूर्वी मुलीला एकच प्रश्न विचारावा. तुला कोठवर जावयाचे आहे? जिला परिचारिका म्हणून उभे राहावयाचे आहे तिने ए-२ च्या परीक्षेची घोकंपट्टी करून घेणारा वर्ग घेतला, तर परवाना हाती येईल आणि काम मात्र मिळणार नाही. आणि जिच्या कडेवर मूल आहे व जिला शाळेची चिठ्ठी वाचण्यापुरती भाषा हवी आहे तिला विद्यापीठातील सकाळ-संध्याकाळचा वर्ग निभणार नाही. अर्ध्यावर सोडलेला उत्तम वर्ग शेवटपर्यंत केलेल्या साध्या वर्गापेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेथे वर्ग तऱ्हेतऱ्हेचे आहेत. फ्युख्ट या गावी ख्रिस्ती जोगिणींनी १९६३ साली काढलेली एक भाषासंस्था आहे. तेथे आठवडाभर राहून दिवसभर एकास एक अशी शिकवणी घेतात. खर्च कंपनी करणार असेल तरच त्या वाटेला जावे. डेल्फ्टच्या तंत्र-विद्यापीठात निघालेली एक पद्धती प्रसिद्ध आहे. तीत व्याकरणाचे नियम आधी सांगत नाहीत. विद्यार्थ्याने घरी पाठ ऐकावा, वाचावा, मुखोद्गत म्हणावा इतका तयार करावा, आणि वर्गात केवळ त्याविषयी बोलावे. रोज दोन-तीन तास घरी देणारा तरुण तीत झपाट्याने पुढे जातो. न देणारा दुसऱ्या आठवड्यातच मागे पडतो. मला स्वतःला ही पद्धती आवडली, कारण आमच्याकडे पाढे आणि कविता याच रीतीने येत असत. याखेरीज लोकविद्यापीठे आहेत. त्यांतील पहिले आम्स्टरडॅम येथे १९१३ साली निघाले. ती संध्याकाळी, बहुधा आठवड्यातून एकदा, माफक फीत शिकवितात. गती मंद, पण नोकरी वा संसार सांभाळून झेपण्याजोगी. गावोगावच्या ग्रंथालयांतून भाषेचे चहापान भरते. तेथे निवृत्त लोक नवख्यांशी तासभर डच बोलत बसतात, बहुधा पैसे न घेता. या शेवटच्या सोयीला कोणी कमी लेखू नये. माझ्यासारखे निवृत्त मास्तर तेथेही आहेत हे ऐकून मला तर फार बरे वाटले!

खाजगी वर्ग निवडताना ब्लिक ऑप वेर्क या संस्थेची गुणमुद्रा आहे किंवा नाही हे पाहावे. ज्यांच्यावर कायद्याने परीक्षा बंधनकारक आहे त्यांना सरकारी कर्ज मिळते, पण ते अशी मुद्रा असलेल्या शाळेसाठीच. मुद्रेवर मात्र भिस्त ठेवू नये. पैसे भरण्यापूर्वी एक तास वर्गात बसू द्या, असे सांगावे. त्या तासात एकच गोष्ट मोजावी. मास्तर किती बोलतात आणि विद्यार्थी किती बोलतात? साठ मिनिटांतील पंचावन्न मिनिटे मास्तरच बोलत असतील तर नमस्कार करून उठावे. वर्गात किती जण आहेत, सर्व एकाच पायरीचे आहेत काय, मूल आजारी पडून तास बुडाला तर भरून मिळतो काय, आणि वर्ग मध्येच सोडावा लागला तर पैसे परत मिळतात काय, हे लेखी घ्यावे. आपल्याकडील एका मोठ्या शहरात तीस दिवसांत डच शिकविण्याची हमी देणाऱ्या एका वर्गाने माझ्या परिचयातील कुटुंबाकडून पूर्ण फी आगाऊ घेतली आणि हाती दिली ती छापील प्रश्नोत्तरे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती डच शिकविण्यास सहाशे ते साडेसातशे तासांचे वर्ग धरते, आणि ते लोक इंग्रजी बोलणारे, म्हणजे डचच्या सख्ख्या बहिणीच्या घरचे. तेव्हा तीस दिवसांचा हिशेब आपणच करावा.

निघण्यापूर्वी येथे काय करावे? पुण्यात जर्मन, फ्रेंच, जपानी शिकविणारे वर्ग पुष्कळ, डचचे थोडे. म्हणून दूरध्वनीवरील चित्रवर्गातून एखाद्या चांगल्या शिक्षकाकडे दोन-तीन महिने कान आणि उच्चार तयार करून घ्यावेत. भ्रमणध्वनीवरील फुकटचे भाषेचे खेळ शब्द वाढविण्यास बरे; त्यांनी बोलता येत नाही. कागदाच्या पतंगाला नुसती शेपूट लावण्यातला तो प्रकार आहे.

आता आपल्या मुलींना धीर येईल अशी गोष्ट सांगतो. मला डच येत नाही. परंतु पुतणीच्या वह्या तपासता तपासता काही नवल दिसले. पंचवीस म्हणताना आपण मराठीत पाच आधी म्हणतो आणि वीस मागून. डच माणूसही तसेच, पाच-आणि-वीस, असे म्हणतो. आमच्या तेलुगूत इरवै ऐदु, म्हणजे वीस आधी. इंग्रजीतही तसेच. मराठी पाढे म्हटलेल्या मुलीला तेथे संख्या उलट्या वाटत नाहीत. ‘मला वाटते की तो उद्या सोलापूरला येतो’ या वाक्यात ‘की’च्या पुढे आपले क्रियापद शेवटी जाते, डचमध्येही तशा पोटवाक्यात ते शेवटीच जाते आणि इंग्रजीवरून शिकणारे तेथेच गोंधळतात. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांसारखा भेद त्यांच्यातही आहे. घशातून घासून येणारा त्यांचा ‘ख’ आपल्या शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत रोज ऐकू येतो. नामांना तेथे दोन वर्ग आहेत आणि कोणते नाम कोठे जाते याला धड नियम नाही. ते शब्दाबरोबरच पाठ करावे लागते. यात मात्र आपल्या मंडळींनी सावध राहावे. ‘तो बस आला’ आणि ‘माझा भाकरी’ या चुका मी तेहतीस वर्षे लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत! त्या चुका करूनच ती मुले पुढे चांगली मराठी बोलू लागली, हेही तितकेच खरे.

आणखी एक अडचण तेथील लोकांच्या सौजन्याची. आपले डच अडखळले की समोरचा माणूस लगेच इंग्रजीकडे वळतो. त्याला वाटते, आपण मदत केली. अशा वेळी न लाजता ‘मी शिकत आहे, कृपया डचमध्येच बोला’ असे सांगण्याचे वाक्य पहिल्याच दिवशी तयार करावे. आपले पणजोबा तेलंगणातून हातमाग घेऊन आले तेव्हा त्यांना हा त्रास नव्हता. बाजारात सूत विकणाऱ्याला तेलुगू येत नव्हते, म्हणून त्यांना मराठी यावीच लागली.

आणि वर्ग कशाला, वय झाले, असे ज्यांना वाटते त्यांनी भय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात एकदा जाऊन यावे. १९१० साली या शहरात जन्मलेला हा माणूस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला तेव्हा त्याला चिनी भाषेचे अक्षर ठाऊक नव्हते. तेथे जखमी सैनिकांवर उपचार करता करता तो ती बोलू लागला, लिहू-वाचू लागला आणि तेथील विद्यार्थ्यांना शिकवू लागला. १९४१ साली त्याने तेथेच विवाह केला. मुलाच्या इन्हुआ या नावात भारत आणि चीन ही दोन्ही नावे गुंफली. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तो तेथेच वारला. अवघी चार वर्षे! त्याच्याजवळ ना वर्ग होता, ना पुस्तकांची सोय. परंतु दररोज समोर असा रोगी होता की ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलणे शक्यच नव्हते. वर्ग निवडताना अशी बोलण्याची जागा वर्गाबाहेर कोठे मिळेल, हेही त्याच वेळी शोधावे. मुलाच्या शाळेत मदतनीस, वृद्धाश्रमात आठवड्याचा एक तास, शेजारणीबरोबर भाजीबाजार, काहीही चालेल.

कार्यकारी मंडळाला माझी एक विनंती आहे. शिष्यवृत्तीच्या निधीतून आपण परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रवासखर्चास मदत देतो. विवाह होऊन जाणाऱ्या मुलींना भाषेच्या वर्गासाठी निदान पहिल्या तीन महिन्यांची फी त्याच निधीतून कर्जाऊ द्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. ज्यांच्या मुली निघाल्या आहेत त्यांनी दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत मंडळाच्या कार्यालयात मला भेटावे. वह्या आणि वर्गाची माहितीपत्रके घेऊन यावे, ती मी वाचून देईन.