अवघड पुस्तकांच्या उंबरठ्यावर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून तिघा-चौघांनी मला एकच विचारलं, "नोकरी संपली, आता वेळ आहे. ज्ञानेश्वरी वाचायला घेतो, पण दहा ओव्यांपुढं गाडी सरकत नाही. काय करावं?" माझ्या परीनं सांगतो.

सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पहिल्या पानापासूनच धरला पाहिजे असं नाही. बारावा अध्याय घ्या. गीतेचे २० श्लोक आणि विषय भक्तीचा. दुसरं, मोठ्यानं वाचा. १२९० साली नेवाशाला हे निरूपण झालं ते श्रोत्यांसमोर. कानासाठी रचलेलं नुसत्या डोळ्यांनी वाचलं की अडतंच. आधी ओवी म्हणा, मग अर्थ बघा, पुन्हा ओवी म्हणा. तिसरं, दृष्टांत धरून चला. तत्त्वज्ञान पहिल्या वाचनात निसटलं तर निसटू द्या. पाणी, दिवा, माय-लेकरू हे तर आपल्या घरचंच आहे.

आपल्या गंगाखेडची जनाबाई शाळा न शिकलेल्या आयाबायांना जात्यावर पाठ होती. तीच चाल पुढं मर्ढेकरांपर्यंत नेते. त्यांच्या १९४७च्या 'काही कविता'ला लोक बिचकतात. पण त्यांनी अनेक ठिकाणी साचा ओवी-अभंगाचाच घेतला. चाल सापडली की यंत्रयुगात भरडला जाणारा माणूस हळूहळू दिसू लागतो.

आणि बी. रघुनाथ! सातोन्यात जन्मले, परभणीत नोकरी केली, १९५३ साली अवघ्या चाळिशीत गेले. निजामी राजवटीतला मराठवाडा त्यांच्या लेखनात आहे. तो समजायला कोशापेक्षा घरातली म्हातारी माणसं जास्त उपयोगी पडतील. मोडी-उर्दू कागदपत्रं, रझाकारांचे दिवस, तेव्हाची बोली हे सांगणारं आता एखाद्याच घरात कुणी उरलंय. ते आहेत तोवर पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसा. ती माणसं गेल्यावर पुस्तकं ग्रंथालयात मिळतील, पण विचारायला कुणी राहणार नाही.

म्हणून एक सूचना मांडतो. महिन्यातून एका रविवारी आपण शाळेत जमू. वीस ओव्या किंवा एक कविता मोठ्यानं वाचू. ज्याला जे कळलं ते त्यानं सांगावं, नाही कळलं ते विचारावं. परीक्षा नाही, गुण नाहीत. गुरुजनांनी मात्र पुढच्या बाकावर बसावं, एवढी विनंती.