सात म्हणण्याआधी



इंद्रधनुष्यात रंग किती, असं चौथीतल्या कुठल्याही मुलाला विचारा. उत्तर तयार असतं : सात. पाठोपाठ ‘तानापिहिनिपाजा’ही म्हणून होतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. आता त्याच मुलाला लोलकातून भिंतीवर पडलेला रंगांचा पट्टा दाखवा आणि सांगा, कुठला रंग कुठे संपतो तिथे पेन्सिलीने खूण कर. इथे गाडी अडते. निळा संपून पारवा कुठे सुरू झाला, हे काही सापडत नाही. शेजारच्या मुलाला खुणा करायला लावल्या तर त्या भलतीकडेच पडतात.

यात मुलांचं काही चुकत नाही. खुद्द न्यूटनने आधी पाचच मुख्य रंग धरले होते. नारिंगी आणि पारवा त्याने नंतर घातले, आणि संगीतातल्या सात स्वरांशी रंगांचा मेळ बसावा ही हौसही त्यामागे होती. पट्ट्यातले रंग एकमेकांत मुरत जातात. त्यांच्या हद्दी आपण आखतो. म्हणून आज माझं सांगणं एवढंच आहे, की मुलाच्या हातात लोलक द्या, पण सात हा आकडा आधी देऊ नका.

लोलक म्हणजे काचेचा तीनधारी ठोकळा. शाळांना प्रयोगाचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात तो मिळतो. लागतं ते ऊन, आणि आपल्या मीरा-भाईंदरमध्ये इमारतींच्या दाटीत तेच कठीण. तेव्हा आपल्या घरात कुठल्या खिडकीतून, किती वाजता आणि किती वेळ ऊन येतं, ते मुलालाच शोधून काढू दे. मग त्या खिडकीत एक पुठ्ठा लावा, त्याला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक पाडा, बाकीचे पडदे ओढा आणि भोकातून येणाऱ्या कवडशात लोलक धरा. सात-आठ फुटांवरच्या भिंतीवर रंग उमटतील. एक गोष्ट मात्र बजावून सांगा : लोलकातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. पाहायचं ते भिंतीकडे.

पहिला प्रश्न रंगांचा न विचारता आकाराचा विचारा. भोक गोल आहे, सूर्यही गोल आहे, मग भिंतीवरचा डाग लांबट का? न्यूटनला चक्रावून टाकलं ते याच गोष्टीने. १६६६ साली त्याने केलेला हा प्रयोग १६७२ मध्ये छापून आला. बावीस फुटांवरच्या भिंतीवर त्याला जो पट्टा मिळाला, तो रुंदीच्या पाचपट लांब होता. सगळा उजेड सारखाच वळला असता तर डाग गोलच राहिला असता. म्हणजे उजेडातलं काही कमी वळलं आणि काही जास्त. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त.

दुसरा प्रश्न बहुतेक वेळा मूलच विचारतं : काच उजेडाला रंग लावते का? न्यूटनच्या आधी अनेक विद्वान असंच काहीसं मानत होते. लगेच ‘नाही’ म्हणू नका. दुसरा लोलक आणा. पहिल्यातून निघालेल्या पट्ट्यापुढे बारीक फट पाडलेला पुठ्ठा धरा, फक्त तांबडा पुढे जाऊ द्या आणि तो दुसऱ्या लोलकातून न्या. काच रंग लावत असती, तर इथेही नवे रंग दिसायला हवे होते. दिसतो तो तांबडाच. मग दुसरा लोलक उलटा धरून सगळा पट्टा त्यातून न्या, रंग पुन्हा एकत्र येऊन पांढरा उजेड मिळतो. हे हाताने केलेलं मूल पांढऱ्या उजेडात रंग आधीपासूनच असतात हे वाक्य पाठ करत बसत नाही.

लोलक नसेल तर परातीत पाणी घ्या आणि त्यात छोटा आरसा तिरका टेकवून ठेवा. आरशावर ऊन पडू द्या. पाण्याचा पृष्ठभाग आणि आरसा यांच्यामध्ये पाण्याचीच पाचर तयार होते आणि ती लोलकाचं काम करते. पाणी स्थिर झालं की छतावर किंवा पांढऱ्या कागदावर रंग दिसतात. अट एकच, आरशाचा कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही.

आता गच्चीवर चला. पावसाच्या थेंबात उजेड शिरताना वळतो, थेंबाच्या मागच्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. तांबडा आपल्याकडे येतो तो सुमारे ४२ अंशांच्या कोनातून, जांभळा सुमारे ४० अंशांच्या. हा कोन मोजायचा तो आपल्या डोक्याच्या सावलीपासून. त्यातून मुलांना पटकन वापरता येईल असा नियम निघतो : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी लांब असेल, तरच आकाशात इंद्रधनुष्य दिसू शकतं. सावली आखूड असेल तर सूर्य फार वर आलेला असतो आणि धनुष्य क्षितिजाच्या खाली जातं. जून-जुलैत आपल्याकडे सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दिवसांत सकाळी सव्वानऊनंतर चार वाजेपर्यंत आकाशात धनुष्य शोधण्यात अर्थ नाही. पण झाडांवर पाणी मारायचा फवारा घ्या, उन्हाकडे पाठ करा आणि सावलीभोवती पाणी उडवा. भर दुपारीही ते पायांजवळ दिसेल.

इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला असतं. म्हणून सकाळी ते पश्चिमेला, उत्तनच्या समुद्राच्या अंगाला दिसतं आणि संध्याकाळी पूर्वेला, घोडबंदरच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर. पावसाळ्यात ढग बहुधा समुद्रावरून येतात. तेव्हा सकाळी उत्तनकडे धनुष्य दिसलं तर सर इकडे यायची आहे, शाळेत जाताना छत्री घ्यावी. संध्याकाळी डोंगरावर दिसलं तर सर बहुधा पुढे निघून गेली. ऑक्टोबरात मात्र गडगडाटी पाऊस पुष्कळदा सह्याद्रीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. तेव्हा हाच अंदाज उलटा धरावा लागतो. मुलांनी वहीत वेळ, दिशा आणि पुढे पाऊस आला की नाही एवढं लिहून ठेवलं, तरी हंगामाअखेर त्यांना स्वतःचं उत्तर मिळेल.

आपल्या गावाकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे मीठ. भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरं लोकलमधून सगळ्यांनी पाहिलेली आहेत. खारं पाणी उजेडाला गोड्या पाण्यापेक्षा किंचित जास्त वळवतं. त्यामुळे उत्तनच्या होडीपुढे उडणाऱ्या समुद्राच्या तुषारांत जे धनुष्य दिसतं, ते पावसाच्या धनुष्यापेक्षा जवळपास एका अंशाने लहान असतं.

हेच मीठ स्वयंपाकघरात पाहा. मीठ घातलेलं वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा उजेड मिठातल्या सोडियमचा. मोठं माणूस जवळ असताना, थोडं लांब उभं राहून ही ज्योत लोलकातून पाहावी. मेणबत्तीची ज्योत लोलकातून रंगांत पसरलेली दिसते. ही पिवळी ज्योत मात्र पसरत नाही, तिची पिवळी आकृती वेगळी उठून दिसते. जुन्या सीएफएल दिव्याकडे पाहिलं तर त्याची वेगवेगळ्या रंगांतली सुटी चित्रं दिसतात. प्रत्येक प्रकारच्या दिव्याचा रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, निराळा असतो आणि उजेड कशातून आला ते वर्णपटावरून ओळखता येतं.

एवढ्या एका गोष्टीवर माणसाने सूर्यात काय आहे ते शोधलं. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्येच, ग्रहण नसताना, लोलकांच्या उपकरणातून सूर्याच्या कडेचा उजेड पाहिला. त्यात सोडियमच्या पिवळ्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती. ती पृथ्वीवरच्या कुठल्याही माहीत असलेल्या पदार्थाची नव्हती. त्या पदार्थाला हेलियम नाव मिळालं, आणि तो पृथ्वीवर हाती लागायला १८९५ साल उजाडलं. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्याशी हेलियमची गोष्ट जोडली जाते. पण लॉकियर तिथे आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी, लोलक बसवलेले कॅमेरे घेऊन. त्याच दिवशी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला होते आणि त्यांनीही ग्रहणातल्या सूर्याच्या वर्णपटाची छायाचित्रं घेतली. विजयदुर्गाच्या सहलीला मुलांना न्याल तेव्हा तटबंदी आणि आरमाराबरोबर हेही सांगा.

दहावीच्या विज्ञानात ‘प्रकाशाचे अपवर्तन’ हा धडा आहे. अपवर्तन म्हणजे वळणं, अपस्करण म्हणजे रंग सुटे होणं. चौथी-पाचवीपासून परात, आरसा आणि लोलक हाताळलेल्या मुलाला त्या धड्यात आपलेच प्रयोग भेटतात. बाकीच्यांना व्याख्या पाठ कराव्या लागतात. मोठ्यांनी पथ्य पाळायचं ते एवढंच : मुलाने ‘असं का?’ विचारलं, की ‘कसं तपासशील?’ असं विचारायचं आणि लागेल तो पुठ्ठा, कात्री आणि रविवारची सकाळ त्याला द्यायची.

शिक्षकांना एक विनंती. वर्गाला एकच लोलक असेल, तर तो टेबलावरून दाखवून कपाटात ठेवू नका, बाकांवरून फिरू द्या. कुणाच्या तरी हातून पडेल, कोपऱ्याचा टवका उडेल. टवका उडालेला लोलकही रंग पाडतो, आणि अगदीच फुटला तर नवा मागवता येतो.